पाथरी, शिर्डी, ओकायामा

जपानी गाण्यांचा नाद मला भाच्याने लावला. परभणीत बारावीला आहे. योआसोबीचं ‘आयडॉल’ (2023) त्याला तोंडपाठ, अर्थ मात्र एका ओळीचा येत नाही. मला ते गाणं दमवतं. इतक्या वेगाने शब्द फेकल्यावर ऐकणाऱ्याने श्वास कधी घ्यायचा? क्रीपी नट्सचं ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ वरातीत डीजेवर शोभेल, एवढंच.

मग त्याने फुजी काझेचं ‘शिनु नो गा ई वा’ लावलं. 2020 च्या अल्बममधलं हे गाणं दोन वर्षांनी टिकटॉकवरून जगभर पसरलं (आपल्याकडे तोवर टिकटॉक बंद झालेलं). नावाचा अर्थ साधारण ‘त्यापेक्षा मेलेलं बरं’. म्हणजे तुझ्यापासून दूर होण्यापेक्षा. पियानो आणि जुन्या सिनेमातल्या आशिकासारखी लाडिक तक्रार. मी ते सलग चार वेळा ऐकलं.

अल्बमचं नाव ‘हेल्प एव्हर हर्ट नेव्हर’. पुढच्याचं ‘लव्ह ऑल सर्व्ह ऑल’. ही दोन्ही पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांची वचनं. सत्य साई स्वतःला शिर्डीच्या साईंचा अवतार म्हणवत, आणि शिर्डीच्या साईंचा जन्म आमच्या जिल्ह्यातल्या पाथरीचा, असा पाथरीकरांचा दावा. जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी पाथरीसाठी 100 कोटींची घोषणा केली आणि शिर्डी बंद झाली, ते तुम्हाला आठवत असेल. जो फकीर मशिदीत राहिला, ज्याने आपली जात-धर्म कुणाला सांगितला नाही, त्याच्या जन्मगावावरून भांडण!

जपानमध्येही 2022 साली काझेवरून वाद पेटला. गाण्यांतून छुपा धर्मप्रचार करतो, असा आरोप. शिंझो आबेंच्या हत्येनंतर तिथे धर्मसंस्थांविषयी आधीच संशय होता.

खरं सांगतो, मलाही खटकलं. मी ज्या ‘तू’ला माशूक समजत होतो, तो कुणाचा तरी गुरू निघाला तर? मग हसू आलं. गझल आणि कव्वाली ऐकत मोठे झालेलो आपण. तिथला महबूब माणूस की खुदा, हे कधी कुणी शायराला विचारलं? माझी नानी गंगाखेडची. फजर पढून जात्यावर बसायची आणि जनीच्या ओव्या म्हणायची. तिचा ईमान कुठे ढळला नाही.

पण नानीला माहीत होतं ओवीत नाव कुणाचं आहे. जपानी श्रोत्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांची तक्रार मी पार उडवून लावत नाही. तरी गाणाऱ्याने आधी श्रद्धा जाहीर करावी आणि मग तोंड उघडावं, ही अट मला जाचते. लेखाखालचं माझं नाव आधी वाचून मग लेख कसा वाचायचा ते ठरवणारे मला पुष्कळ भेटलेत.

2025 च्या अल्बमला काझेने सरळ ‘प्रेमा’ नाव दिलं. गाणी सगळी इंग्रजीत. गुळगुळीत झालीत, ती जुनी कळ त्यात नाही.

भाच्याला ही सगळी साखळी सांगितली. तो म्हणाला, “मामू, पाथरी तो अपने बाजू में च है,” आणि इअरफोन परत कानात घातला.