आमचे हस्तलिखित

काकतीहून बेळगावच्या कोर्टात जाताना मला चन्नम्मा चौकाला वळसा घालावा लागतो. चौकात कित्तूरची राणी चन्नम्मा घोड्यावर बसलेली आहे. ती आमच्या गावची लेक. १७७८ साली काकतीच्या देसाई घराण्यात तिचा जन्म झाला, हे आमच्या गावातले शेंबडे पोरही सांगेल. २००७ साली तिचा पुतळा दिल्लीला संसदेच्या आवारात उभा राहिला, तेव्हा गावाची मान चार बोटे उंच झाली. माझी मात्र तो पुतळा दिसला की किंचित खाली जाते. कारण म्हटले तर क्षुल्लक आहे : शाळेतले एक हस्तलिखित.

१९९३ साली मी आठवीत होतो. स्नेहसंमेलनासाठी वर्गाचे पाच-पाच जणांचे गट पाडण्यात आले आणि आमच्या वाट्याला राणी चन्नम्मा आली. गटात तीन मुले, मी आणि एक मुलगी. त्या तिघांपैकी एकाच्या घरी मोटार होती, दुसऱ्याचे वडील पंचायतीत होते, तिसरा या दोघांचा मित्र होता. त्यांनी वेष्टनाचा चकचकीत कागद आणला, लढाईचे एक चित्र कुठूनसे उतरवून घेतले आणि उरलेले महिनाभर ते क्रिकेट खेळले. चाळीस पाने मी लिहिली. माझे अक्षर बरे होते, आणि 'नाही' हा शब्द मला उच्चारता येत नव्हता. दुसऱ्याचे काम अंगावर पडायला एवढी पात्रता पुष्कळ होते.

पण लिहिणारा मी असलो तरी लिहिण्याजोगे जे होते ते त्या मुलीने आणले. तिच्या घरी कानडी बोलत. तिच्या अज्जीला राणीवरची गीगी पदे तोंडपाठ होती. संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर बसून अज्जी म्हणायची, नात अर्थ सांगायची आणि मी मराठीत उतरवून घ्यायचो. शाळेच्या ग्रंथालयातले कानडी पुस्तकही तिनेच मला वाचून दाखविले. राणीचा सावत्र मुलगा १८२४ च्या सप्टेंबरात वारला; त्याने दत्तक घेतलेला शिवलिंगप्पा इंग्रजांनी मानला नाही; धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरवर चालून आला आणि २३ ऑक्टोबरला तेथेच मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलला कैदेत राहिली आणि १८२९ साली तेथेच तिचा अंत झाला. हे सगळे आम्ही क्रमाने मांडले. त्या तिघांना पहिल्या पानावर लढाई हवी होती. मुलगी म्हणाली, "आधी पत्र." कारण तलवार उपसण्यापूर्वी राणीने मुंबईच्या गव्हर्नराला, एल्फिन्स्टनला, पत्र लिहून आपली बाजू मांडली होती. त्याने ती मानली नाही, ही गोष्ट वेगळी. पण तिचे म्हणणे तिने आधी शब्दांत सांगितले होते. "न सांगता भांडली असं कोणी म्हणायला नको," असे ती मुलगी म्हणाली. तिचे वय तेव्हा तेरा असेल. पहिल्या पानावर पत्राचीच हकीकत आली.

संमेलनात आमच्या हस्तलिखिताला पहिले बक्षीस मिळाले. मुखपृष्ठाच्या आत 'संपादक' म्हणून त्या तिघांची नावे होती. खाली बारीक अक्षरांत 'सुवाच्य लेखन' म्हणून माझे. त्या मुलीचे नाव कुठेच नव्हते. हे पान शेवटच्या दिवशी त्यांनी परस्पर चिकटविले होते. पाहुण्यांनी कौतुकाने विचारले, "हे सगळं तुम्हीच केलंत की काय?" तिघेही 'हो' म्हणाले. आमच्या गुरुजींना काही शंका आली असावी. त्यांनी मला पुढे बोलावले आणि म्हणाले, "काय रे, बरोबर आहे ना?"

मी मान हलविली. दुसऱ्या रांगेत ती बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे पाहिले नाही.

घरी येऊन रडलो, तेव्हा आजीने आपल्या कोंकणीत विचारले, "तुका तोंड नाशिल्लें व्हय?" प्रश्न रास्त होता. घरी कोंकणी, शाळेत मराठी, गल्लीत कानडी अशा तीन भाषा मला येत होत्या आणि तिन्ही भाषांत मी गप्प होतो. थोरांसमोर बोलू नये, आपले मोठेपण आपण सांगू नये, हे आपल्या घरांतले संस्कार. मी त्यांना नावे ठेवीत नाही. परंतु त्या दिवशी मी पाळली ती मर्यादा नव्हती. ती भीती होती, आणि मर्यादेचा शेला पांघरून ती अंगणात मिरवीत होती.

पुढे कितीतरी वर्षे ही कथा मी मित्रांना सांगत असे, आणि तिच्यात अन्याय झालेला माणूस एकच असे : मी. मुलगी कथेत यायची ती अज्जीच्या गाण्यांपुरती. हा माझा भ्रम एका अगदी रुक्ष ठिकाणी फुटला. कायद्याच्या वर्गात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आठवा आदेश शिकवीत होते. १९०८ ची ती संहिता म्हणते, दाव्यातले जे विधान प्रतिवादी आपल्या लेखी कैफियतीत स्पष्टपणे नाकारीत नाही, ते त्याने कबूल केले असे धरावे. मोघम नकारही चालत नाही. 'तू हजार रुपये घेतलेस' असे वादीने म्हटले, तर 'मी हजार घेतले नाहीत' एवढे म्हणून सुटका नाही. त्यातला एक रुपयाही घेतला नाही असे म्हणावे, नाहीतर नेमके किती घेतले ते सांगावे. सारा वर्ग जांभया देत होता. मला मात्र शाळेचे ते व्यासपीठ दिसू लागले. गुरुजींनी मला विचारले होते आणि मी कबुली दिली होती. ती माझ्यापुरती असती तर माझी मी फेडली असती. पण मी मान हलविली ती तिच्या नावावरही. माझे निदान बारीक अक्षरांत तरी होते.

याच नियमात अज्ञान व्यक्तीला सूट आहे. तेराव्या वर्षीची माझी कबुली कोणत्याही न्यायाधीशाने माझ्यावर लादली नसती. वकिलाला पळवाट चटकन दिसते, तशी मलाही दिसली. तिच्यातून बाहेर पडता मात्र आले नाही.

काही वर्षांनी ती मुलगी मला काकतीच्या बस थांब्यावर भेटली. लग्न होऊन ती निपाणीला गेली होती. मी धीर करून ती गोष्ट काढली आणि चुकलो म्हणालो. ती हसली. "आगले हेळबेकित्तल्ला," म्हणाली. म्हणजे, तेव्हाच सांगायचं होतंस की. मग बस आली.

धिटाईने बोलायला शिकविणारे वर्ग हल्ली गल्लोगल्ली निघाले आहेत. छाती पुढे काढा, डोळ्यांत डोळे घाला, असे तेथे सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. कोर्टात खच्चून ओरडणारे आणि शेवटपर्यंत एकही विधान धड न नाकारणारे वकील मी भरपूर पाहिले आहेत. आवाज ही गोष्ट उसनी मिळते. अडचण येते ती नेमके काय म्हणायचे ते ठरविताना, आणि ती मला अजून येते.

आमचे कुलदैवत गोव्यात आहे. तेथल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांच्या सभेतून चालतो, म्हणून वर्षाकाठी एकदा मी सभेला जातो. गेल्या वर्षी अहवालाचा मसुदा वाचून दाखवीत होते. उत्सवातील पुष्पमालांच्या सेवेबद्दल एका सधन कुटुंबाचे आभार त्यात होते. फुलांचे पैसे त्यांनी दिले होते, हे खरेच. पण त्या माळा पहाटे चारपासून देवळाच्या मागच्या ओसरीवर बसून एक वृद्ध बाई गुंफते, हे मी लहानपणापासून पाहात आलो आहे. मी उठलो आणि म्हणालो, "यात काही नावे राहून गेली असावीत असे वाटते."

"सर्वांचेच आभार आहेत हो वकीलसाहेब," अध्यक्ष हसून म्हणाले. सभाही हसली. मी बसलो. बसल्याबसल्याच ध्यानात आले की मी नुकताच मोघम नकार दिला होता. पाय थरथरत होते. पंचेचाळिशी गाठली तरी ते आठवीतलेच राहिले आहेत. मी पुन्हा उठलो.

"चौथ्या पानावर, माळांची सेवा या कुटुंबाने केली असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. फुलांचा खर्च त्यांनी केला. माळा मावशींनी केल्या. दोन्ही वेगवेगळे लिहावे."

सभेत थोडी कुजबुज झाली. त्या कुटुंबातले वडीलधारे गृहस्थ पहिल्या रांगेत होते; ते मागे वळून माझ्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, "बरोबर आहे. लिहा." कार्यवाहांनी ओळ खोडली, लेखणी सरसावली आणि मला विचारले, "मावशींचं पूर्ण नाव?"

मला ते ठाऊक नव्हते. सभेत कुणालाच ठाऊक नव्हते. मी चपला न घालताच मागच्या ओसरीवर गेलो. मावशी केळीच्या सोपटाचे दोर ओले करीत बसल्या होत्या. मी विचारले तेव्हा त्यांना आधी वाटले, काहीतरी तक्रार आली आहे. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आपले नाव सांगितले. मी ते तेथेच बसून लिहून घेतले.