हळवा हात, ठाम पाय

शंभर सीसीच्या गाडीत ताकद असते साधारण आठ अश्वशक्तीची. तेवढ्या बळावर दोन माणसं, मागे बांधलेलं तांदळाचं पोतं आणि गावाबाहेरचा चढ ओढायचा, तर गिअर वेळेवर पडायलाच हवा. मोठ्या इंजिनाची गाडी चुकीच्या गिअरातही ओढून नेते. छोटी गाडी लगेच कुरकुरते. म्हणूनच शिकावं ते छोट्या गाडीवर, असं मला मनापासून वाटतं.

भाचीला मी स्प्लेंडरवर शिकवलं. १९९४ साली आलेली ही गाडी आमच्याकडे घरोघरी. चारही गिअर चवड्याने पुढे दाबून टाकायचे, टाचेने मागे दाबून काढायचे. मागचं ते टाचेचं पान चपलेतल्या पायाला फार सोयीचं; बोटांनी खालून गिअर उचलायचा तर चपलेचा पट्टा रुततो. सगळ्याच गाड्यांचं असं नसे. बुलेटचा गिअर एकेकाळी उजव्या पायाला होता, आणि येझदीत किक मारायची न् गिअर टाकायची दांडी एकच!

पहिला गिअर टाकला की ‘खट्’ असा आवाज येतो. आत गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. पायाने दांडी दाबली की एक खाचांचा ड्रम फिरतो, तो एका गिअरला बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे उंचवटे शेजारच्याच्या खाचांत जाऊन बसतात. तो हा आवाज. पाय अर्धवट दाबला तर उंचवटे नीट बसत नाहीत. मग कितीही रेस द्या, इंजिन नुसतं ओरडतं.

क्लचचं नेमकं उलटं. त्याच्या चकत्या तेलात बुडालेल्या. आधी एकमेकींवर घसरतात, मग हळूहळू घट्ट धरतात. बोटं निम्मी उघडली की इंजिनाचा आवाज जरासा खाली बसतो आणि गाडीला पुढे ओढ लागते. तिथे बोटं क्षणभर थांबवायची. हा हाफ क्लच तोंडी सांगून कळत नाही. वायर ताणलेली असेल तर एका जागी, सैल असेल तर दुसऱ्या. शाळेच्या मैदानावर भाची कितीतरी वेळ तेवढंच करत होती, आणि एकदम ओरडली, “मामा, लागला!”

डावा पाय ठाम आणि त्याच वेळी डावा हात हळवा, हे जमवायचं असतं. मला यात फार मौज वाटते. उजव्या हाताने तेवढ्यात रेस सोडलेली हवी, ते लवकर अंगवळणी पडतं.

“दुसरा किती स्पीडला टाकू?”

“काट्याकडे बघू नकोस गं. आवाज ऐक.”

आवाज चढून किंचाळायला लागला की पुढचा गिअर. टॉपमध्ये गाडी ठोके मारायला लागली, टाकी गुडघ्यांत थरथरली, की मागचा. भार आणि चढ बदलला की आकडे बदलतात, कान मात्र चुकत नाही.

पुढे आम्ही कुंभार्ली घाटात गेलो. गाडी तिच्या हातात, मी मागे. वळण दिसलं तसा तिने टाचेने तिसऱ्यावरून दुसरा घेतला, वळणाच्या आधी, गाडीचा दम जाण्याच्या आधी. मला गिअर बदलल्याचं फक्त आवाजावरून कळलं, झटका बसला नाही.

परतताना उतार. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. गाडी मोकाट सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून सैल पडू लागतात. ट्रकवाल्यांचा नियम जुना आणि खरा आहे: ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा. तिने दुसराच ठेवला, रेस पूर्ण सोडली. इंजिन गुरगुरायला लागलं.

“मामा, ब्रेक न दाबताच ही धरून ठेवतेय!”