लोगो.सिस

फोन बंद करून पुन्हा सुरू करा. आधी कंपनीचं नाव येतं, मग तुमचं जे काय असेल ते. अँड्रॉइडमध्ये ते चित्र बदलायचं तर बहुतेक वेळा बूटलोडर अनलॉक करून फोन रूट करावा लागतो, आणि अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. एवढ्यासाठी कोण कशाला त्या भानगडीत पडेल!

विंडोज ९८मध्ये हे काम फुकटात व्हायचं. सी ड्राइव्हवर लोगो.सिस नावाची फाइल ठेवली की सुरुवातीला ढगांच्या जागी आपलं चित्र. फाइल म्हणजे साधा बिटमॅप: ३२० बाय ४०० पिक्सेल, २५६ रंग. पेंटमध्ये काढायचं, नाव बदलायचं, झालं.

२००१ साली कराडला आमच्या घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला, तेव्हा अण्णा त्याच्याकडे बघायचेही नाहीत. ते पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीत भिंती. आणि फ्लेक्स आलं होतं. ज्या पाटीला अण्णांचे दोन दिवस जायचे, ती आता तासाभरात छापून मिळत होती. त्या मशीनला अक्षरं पुरवणारा कॉम्प्युटरच ना, मग तो घरात कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब.

मला सुरुवातीला 'श्री' हवं होतं. नव्या वहीवर असतं तसं. विंडोज ९८मध्ये आजच्यासारखं मराठी टाइप करायची सोय नव्हती. अक्षर माउसनं काढायचं, म्हणजे साबणाच्या वडीनं लिहिण्यासारखं. माझं 'श्री' बघून अण्णांना राहवलं नाही. "सरक," म्हणाले.

त्यांना एकच गोष्ट सांगावी लागली. ते ३२० बाय ४००चं उभट चित्र स्क्रीनभर पसरतं, त्यामुळे रुंदीला दीडपटीहून जास्त ताणलं जातं. गोल काढला तर आडवं अंडं दिसणार. मी अजून समजावत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "रस्त्यावरच्या अक्षरासारखंच झालं की." डांबरावरचं 'हळू चला' ड्रायव्हरला तिरकं, लांबून दिसतं, म्हणून ते उभं ताणून लिहितात. जवळ उभं राहिलं तर बेढब, गाडीतून बरोबर. मी आकडेमोड करत होतो, त्यांनी नजरेनंच माप घेतलं.

शटडाउननंतरचा पडदा वेगळ्या फाइलमध्ये असायचा, विंडोज फोल्डरमधल्या लोगोज.सिसमध्ये. मशीन आता बंद करायला हरकत नाही, असं इंग्रजीत सांगणारा. आमच्या कॅबिनेटचं बटण हातानंच बंद करावं लागे, त्यामुळे तो रोज दिसायचा. तिथे अण्णांनी लिहिलं, 'आभारी आहोत, पुन्हा या'. आयुष्यभर हॉटेलांच्या दारांवर तेच तर लिहिलं होतं. खाली कोपऱ्यात सही.

आजच्या लॅपटॉपवर सुरू होताना बनवणाऱ्याचा शिक्का दिसतो, तो मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून येतो. तो कुलपात असण्याला कारणं आहेत हे मला मान्य आहे. २०२३मध्ये 'लोगोफेल' उघडकीस आलं: सुरुवातीचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोकं होती, आणि त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी परका प्रोग्रॅम घुसवता येत होता. हे अण्णांना सांगायला हवं होतं. पाटीतून चोर शिरतो म्हटल्यावर ते पोट धरून हसले असते.

कॉम्प्युटर भंगारात गेला, फाइल सीडीवर राहिली. १,२९,०७८ बाइट. शेवटचं सिस काढून बीएमपी केलं की कुठेही उघडते. 'श्री' आधी आवळलेलं, उपाशी दिसतं. ६४० बाय ४८०ला ताणलं की वेलांटी ऐसपैस होते.