सकाळी ये

आम्ही दोघी हदगावला एकाच शाळेत शिकलो आणि लग्न होऊन एकाच गावात नांदायला आलो. कापूस वेचताना तिची पात नेहमी माझ्या पुढे. सात-आठ वर्षांपूर्वी ती मागे पडू लागली. म्हणायची, "बोटांना कापूस लागल्याचं कळतच नाही गं." त्याआधी तिचा एक डोळा दुखून अंधुक झाला होता, तो महिन्याभरात सुधारला. कुणी अशक्तपणा म्हणाले, कुणी बाहेरचे. मी तर एकदा भर उन्हात सगळ्यांदेखत बोलून गेले, "कामचुकार झालीस." ते अजून सलते.

नांदेडला एमआरआय काढल्यावर आजाराचे नाव कळले, मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरांनी समजावले, मोटारीच्या वायरीवर असते तसे आवरण मेंदूतल्या व पाठीच्या कण्यातल्या नसांवर असते. शरीराची राखण करणारी शक्तीच ते कुरतडते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणा ना! हा आजार कुणाच्या स्पर्शाने लागत नाही. औषधांनी त्याची उचल कमी करता येते, पण मुळासकट तो जात नाही. उष्णतेने मात्र त्रास वाढतो. त्या दुपारी तिचे पाय का गळाले होते, ते मला तेव्हा उमगले.

आधी काठी आली, यंदा चाकाची खुर्ची. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हा आजार नावानिशी आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी तिच्या मालकांसोबत मीही गेले. लघवीला सारखे जावे लागते, हे ती पुरुषमाणसाला सांगत नव्हती. डॉक्टरांना ते मीच सांगितले. न्हाणीत धरायला लोखंडी नळ बसवून घेतला, तोही त्यानंतर.

पण माझीही चूक व्हायची. गेले की तिच्या हातातले काम काढून घ्यायचे. एकदा ती चिडलीच, "सूप दे इकडे! तू सगळं केल्यावर मी दिवसभर काय करू?" मी गप्प बसले.

आता उन्हाळ्यात मी सकाळीच जाते. दुपारी तिला बोलण्याचेही त्राण नसते. माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचा तिच्या मानेवर ठेवते. निंबाखाली ती तूर निवडत बसते. हात थरथरतो, दाणे सांडतात. दोन शेर तुरीला सगळी सकाळ जाते. मी शेजारी बसून वाती वळते. सांडलेले दाणे ती सांगेल तेव्हाच उचलते.

परवा निघताना म्हणाली, "पुढच्या साली बसता येईल का, माहीत नाही."

मला उत्तर सुचले नाही.

"उद्या ये," ती म्हणाली, "पण ऊन चढायच्या आत. आणि येताना तुझीही तूर आण."