तुरळक ठिकाणी

परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हवामानाचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. संध्याकाळपर्यंत ते भोकरच्या मोंढ्यात, चहाच्या टपरीवर, बसस्थानकासमोर सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन पडलेलं असतं. भाद्रपद सरत आलेला, पितरपाट चालू, सोयाबीन पिवळं पडून पानं गाळायला लागलेलं. या दिवसांत लोक राजकारणाच्या आधी पाऊस वाचतात. दोन मुख्यमंत्र्यांच्या या मतदारसंघात ही लहान गोष्ट नाही.

पत्रकातलं वाक्य मला आता पाठ आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी वादळी वारा, मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता. तीस-बत्तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं, पण इतकं सावध वाक्य फळ्यावर कधी लिहिता आलं नाही. क्रियापदसुद्धा नाही त्यात. नुसती शक्यता. आणि तरी त्यातलं एक अक्षर खोटं काढता येत नाही.

“गुरुजी, काय म्हणायलंय पत्रक?” बांधावरून मामांनी विचारलं.

“तुरळक ठिकाणी म्हणायलंय.”

“म्हंजे आपल्याकडं का पलीकडं?”

मामा माझं चार एकर बटईनं करतात. वयानं मोठे म्हणून ते मामा, आणि त्यांची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली म्हणून मी गुरुजी. मी त्यांना समजावून सांगितलं, की हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंतची केंद्रं. पन्नास टक्क्यांपर्यंत गेलं की ‘काही ठिकाणी’, पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, त्याच्या वर ‘जवळपास सर्वत्र’. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते समदं खरं. पण आपलं रान त्या पंचवीसात हाय का पंच्याहत्तरात, तेवढं बघा की.”

गाठ इथंच आहे. गुरुवारी कापणी करायची की थांबायचं? गुत्तं घेणारी टोळी गुरुवारी मोकळी होती. तो दिवस हुकला, तर ती किनीकडं जाणार होती आणि आठवडाभर परत येणार नव्हती.

‘हलक्या ते मध्यम’ हे तर मी एकदा कागद-पेन घेऊनच बघितलं. खात्याच्या मोजमापात २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस आणि तिथून पुढं ६४.४ पर्यंत मध्यम. एका एकरावर अडीच मिलिमीटर पडलं तर साधारण दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. ६४.४ पडलं तर दोन लाख साठ हजार लिटर, म्हणजे सव्वीस टँकर. आपल्याकडं पाणी टँकरनंच मोजायची सवय. २०१६ च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तर त्या तीन शब्दांत एक ते सव्वीस टँकर सुखानं मावतात. एका टँकरनं पानावरची धूळ बसते. सव्वीस टँकर कापून पडलेल्या सोयाबीनवर आले, की चौथ्या दिवशी शेंगेतून कोंब बाहेर बघतो.

आणि सव्विसाच्या पुढं जरासं सरकलं की भाषाच बदलते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर नोंदले गेले, की ती अतिवृष्टी. चौसष्टला पाऊस, पासष्टला आपत्ती. आता बहुतेक मंडळांत स्वयंचलित केंद्र आहे, हे चांगलंच झालं. पण केंद्र एका जागी उभं असतं आणि ढगाला मंडळाची हद्द माहीत नसते. एका वर्षी आमच्या बांधावरून पाणी उड्या मारत गेलं, मामांच्या बैलाच्या गव्हाणीत बेडूक आले, आणि यंत्रात आकडा निघाला चाळिसाच्या आतला. मामांनी त्यावर काही भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, “त्या यंत्राला आपलं रान दाखवता येतंय का एकदा?”

मोबाईलची तऱ्हा आणखी निराळी. सुनेनं मला हवामानाचं एक ॲप घालून दिलं. तीन दिवस मी त्याच्यावर विश्वास ठेवून वागलो. ते रोज निरभ्र दाखवायचं आणि इथं रोज आभाळ गुरगुरायचं. चौथ्या दिवशी नातवानं बघितलं, तर गाव भोकर नव्हतंच, भोकरदन होतं. जालना जिल्ह्यातल्या उन्हावर मी इथं नांदेड जिल्ह्यात वाकळा वाळत घातल्या होत्या.

वाकळांचं सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात पावसाशी खरी झुंज त्यांचीच असते. घटस्थापनेच्या आधी घराघरात दसरा काढायचा असतो. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं, पडदे, वाकळा, पोती, डबे, सगळं बाहेर. पूर्वी बायका सुधा नदीवर धुणं न्यायच्या. काठावरच्या झुडपांवर, खडकांवर रंगीत वाकळांची जत्रा भरायची. आता गच्ची आहे आणि वॉशिंग मशीन आहे, पण चार पदरी वाकळ मशीनच्या तोंडात जात नाही आणि गच्चीवर एका उन्हात वाळत नाही. तिला दोन ऊन लागतात. म्हणून आमची ही मंगळवारी पत्रक ऐकते आणि फक्त एकच प्रश्न विचारते, “सलग दोन ऊन हाय का त्याच्यात?” पाच दिवसांच्या अंदाजाची इतकी नेमकी परीक्षा मी दुसऱ्या कुणाला घेताना बघितलेली नाही.

म्हणजे हिला ऊन पाहिजे. मोंढ्यातल्या आडत्याला ऊन पाहिजे, कारण त्याच्या यंत्रात ओलावा बाराच्या वर गेला की भाव उतरतो, मग लातूरचा भाव काही का असेना. कापूसवाल्याला ऊन पाहिजे. पहिली बोंडं फुटायच्या बेतात आहेत, आत्ता भिजली तर कवडी होतील. देवीच्या मंडपवाल्यालाही पाहिजे. पण ज्याला हरभरा पेरायचा आहे त्याला एक पाऊस पाहिजे, जमिनीत ओल राहील असा. आणि मामांना दोन्ही पाहिजे. आमच्या रानात चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर आहे. सोयाबीनची कापणी आली. तूर अजून कमरेच्या वर जाऊन फांद्या फेकायलीय. तिला पुढं फूल धरायला ओल हवी. एका ओळीला उघाड द्या आणि तिला लागून असलेल्या ओळीला पाऊस, असं मागणं कोणत्या देवाकडं न्यायचं? मामा न्यायचे ते नेतात. सकाळी उगवतीकडं हात जोडतात, आणि काय मागतात ते मी विचारत नाही.

उगवतीकडंच बघायला हवं, कारण या दिवसांत आमचा पाऊस तिकडूनच येतो. जूनमध्ये ढग मावळतीकडून येतात, तेव्हा सह्याद्रीनं पिळून घेतलेलं उरलंसुरलं आमच्या वाट्याला. सप्टेंबरात मात्र बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, आंध्र-तेलंगण ओलांडून वर सरकतात आणि मराठवाड्यात शिरतात ते आमच्या दारातून. बीड-धाराशिवला ते पोचायच्या आधी आम्ही भिजलेले असतो. भैंशाच्या बाजूचं आभाळ काळं झालं, पाळजच्या लाकडी गणपतीच्या गावावरून गार झुळूक आली, की गच्चीवरच्या वाकळा गोळा करायला साधारण अर्धा तास मिळतो. गंमत अशी, की जिकडून ढग येतात तिकडंच आमचं पाणी जातं. रेणापूरचा सुधा प्रकल्प भरला, सांडव्यावरून पाणी निघालं, की ते तेलंगणात उतरतं. आमच्याच जिल्ह्यात धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, त्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. पावसाळा कधी संपतो याची तारीख पंचांगाला आणि हवामान खात्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. न्यायालयानं मात्र ती लिहून दिलेली आहे.

आमच्या जुन्या राजधानीला हा उगवतीचा पाऊस चांगला माहीत होता. भोकर हैदराबाद संस्थानात होतं तेव्हाची, २८ सप्टेंबर १९०८ ची गोष्ट. मुसी नदी फुगली आणि हैदराबाद शहरात शिरली. हजारो माणसं गेली. अफजलगंज दवाखान्याच्या आवारात एक चिंच होती, तिच्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. पुढं विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं आणि उस्मानसागर, हिमायतसागर झाले. पुराची ती तारीख म्हणजे ऐन हत्ती नक्षत्र लागण्याचे दिवस. आमच्याकडं हस्ताला हत्तीच म्हणतात, आणि हत्तीच्या पावसानं भिंती पडतात असं म्हातारी माणसं सांगायची. तो अनुभव माळवदाच्या घरांचा. चार महिने पाणी प्यालेली मातीची भिंत शेवटच्या पावसात बसकण मारायची. आता सिमेंट आलं. भिंती पडत नाहीत, रानातलं पडतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात मुखेडकडं एका रात्रीत गावं पाण्यात गेली, लष्कर आलं, आणि सप्टेंबरात निम्मा मराठवाडा पाण्याखाली होता. तेव्हापासून ‘मध्यम’ हा शब्द इथं कुणी मध्यम आवाजात वाचत नाही.

तरी पाऊस जातोच. जायला कधी लागतो, त्याची एक तारीख आहे आणि ती मला आवडते. राजस्थानातून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सरासरी तारीख खात्यानं २०२० साली बदलली, १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर आणली. १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली त्या दिवशी निजामाचं राज्य गेलं. खात्याच्या मनात असलं काही नसणार, पण झेंडावंदनाला मुलं भिजत उभी असतात आणि हजार किलोमीटरवर पावसानं पाठ फिरवायला सुरुवात केलेली असते, हे मला बरं वाटतं. तिथं ‘परतला’ म्हणायला अटी कडक: सलग पाच दिवस पाऊस नको, खालच्या थरात प्रतिचक्राकार वारे हवेत, हवेतली वाफ उतरायला हवी. आमच्यापर्यंत यायला त्याला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा लागतो.

माझी अट एकच आहे. रेल्वेचा भोंगा. पावसाळाभर मुदखेड–आदिलाबाद मार्गावरची गाडी कधी येते-जाते ते आमच्या घरी कळत नाही. आवाज ओल्या वाऱ्यात कुठं तरी विरून जातो. मग एका पहाटे, आभाळ स्वच्छ आणि जमीन गार झालेली असताना, मालगाडीचा भोंगा अंगणातून जावा तसा ऐकू येतो. खाली गार हवा आणि वर ऊबदार, अशी घडी बसली की आवाज वर न जाता जमिनीलगत लांबवर सरकतो. त्या पहाटे रानात धुई असते, कोळ्यांची जाळी दवानं पांढरी झालेली असतात, आणि कारळाच्या पिवळ्या फुलांवर अजून माशी बसलेली नसते. यंदा तो भोंगा अजून ऐकू आलेला नाही.

पंचांगवाले नक्षत्राचं वाहन सांगतात. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की मामा खूश, कोल्हा आला की गप्प. त्यांच्या पोरांना पंजाबराव डखांचा अंदाज हवा असतो. मला परभणीचं पत्रक. आणि आमच्या हिला घट. पुढच्या आठवड्यात वावरातून वावरी, म्हणजे माती, येईल, पत्रावळीवर मातीचा घट बसेल, ज्वारी-गहू-हरभरा-करडई पेरली जाईल. नवव्या माळेला जे धान उंच, ते पीक यंदा साधणार. देवघराच्या अंधारात उगवल्यामुळं कोंब पिवळा आणि लांब होतो, हे मी सातवीच्या पोरांना विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं आहे. आमच्या शाळेत मराठीचा मास्तरच विज्ञान घ्यायचा. तरी दसऱ्याच्या सकाळी करडई किती वर आली ते मी वाकून बघतोच. नऊ दिवसांचा अंदाज आणि तो थेट आपल्या वावरातल्या मातीवर दिलेला. परभणीला हे कसं जमावं?

बुधवारी रात्री आम्ही ठरवलं, कापायचं. पत्रकात पाऊस होता, पण टोळी पुन्हा मिळणार नव्हती. गुरुवारी दुपारी चारपर्यंत निम्मं सोयाबीन आडवं झालं, बांधाजवळ गंजी लागली. पाचला पाळजच्या बाजूनं आभाळ आलं. मामा काही बोलले नाहीत, ताडपत्री खांद्यावर घेऊन पळाले. वीज चमकायली म्हणून टोळीतल्या बायकांना मी बाभळीखालून उठवून रस्त्यावरच्या टेम्पोत बसवलं. ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. वारा सुटला, दहा-पंधरा मिनिटं टपोरे थेंब पडले, आणि आभाळ आमच्यावरून तसंच पुढं गेलं.

शुक्रवारी नवं पत्रक आलं. पुढचे पाच दिवस, तुरळक ठिकाणी. मोघाळीला रात्री जोरात झाला म्हणे. आमच्याकडं ताडपत्री वरून ओली झाली, गंजी आतून कोरडी निघाली. तूरही कोरडीच राहिली.