क्लब कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मैदानावर घोटाभर पाणी सांचल्यामुळें खेळाचा तास वर्गांतच काढावा लागला, आणि नववीच्या मुलांना मोकळें सोडून आम्ही वह्या तपासावयास बसलों. थोड्याच वेळांत मागच्या बांकांवर असा कलह माजला कीं, शेजारच्या वर्गांतील बाईंना डोकावून पाहावें लागलें. भांडणाचा विषय गृहपाठ नव्हता, किंवा कोणाची हरवलेली पेन्सिलहि नव्हती. इंग्लंडांतील ब्लॅकबर्न गांवचा फुटबॉल क्लब पुण्याच्या धन्यांनीं बुडविला, कीं बुडता क्लब त्यांनींच पैसे ओतून तरता ठेविला, हा तो प्रश्न! ज्या मुलांतील बहुतेकांनीं नागपूर ओलांडलेलें नाहीं, तीं लँकेशायरमधील एका गांवासाठीं हमरीतुमरीवर येतात हें पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें. मग एकानें आम्हांसच विचारलें, "सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घंटा झाली, व आम्ही सुटलों. परंतु प्रश्न सुटला नव्हता. त्यानें पुढें सहा महिने आमचा पिच्छा पुरविला.

ज्या पालकांस ह्या खेळाचा नाद नाहीं त्यांच्याकरितां थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. ब्लॅकबर्न हें कापडगिरण्यांचें गांव. आपल्या पवनी-मोहाडीकडील कोष्टी बांधवांचे पुष्कळ माग ज्या विलायती कापडानें बंद पाडले, तें कापड ह्याच टापूंतून येत असे. पुढें काळ उलटला. मंदी आली, त्यांत आपल्या लोकांनीं बहिष्कार घातला, आणि तिकडील गिरण्या थंडावल्या. १९३१ च्या सप्टेंबरांत गांधीजी तेथील मजुरांस भेटावयास ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गांवीं गेले होते, आणि ज्यांची रोजी गेली होती त्या बायकांनींच त्यांचें हंसतमुखानें स्वागत केलें. असें तें गांव. फुटबॉल हा तेथील लोकांचा जीव कीं प्राण. १८८३ सालीं ब्लॅकबर्न ऑलिंपिक नांवाच्या, मजूर व कारागीर यांच्या संघानें ईटनच्या नामांकित शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून इंग्लंडचा एफ्. ए. कप जिंकिला. तोंपर्यंत हा कप बड्या घरच्या मंडळींकडेच जात असे. सहाच वर्षांनीं तो संघ मोडला. मात्र १८७५ सालीं निघालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा दुसरा क्लब टिकला. १८८८ सालीं ज्या बारा क्लबांनीं मिळून जगांतील पहिली फुटबॉल लीग स्थापिली, त्यांत तो एक होता.

ह्या रोव्हर्सला १९९१ सालीं एक धनी मिळाला. जॅक वॉकर हा त्याच गांवांत जन्मला, लोखंड-पोलादाच्या धंद्यांत त्यानें अलोट पैसा मिळविला, आणि लहानपणीं ज्याच्यासाठीं ओरडून घसा बसवून घेतला त्याच क्लबावर तो खर्चिला. १९१४ नंतर तब्बल एक्यायशीं वर्षांनीं, १९९५ सालीं, रोव्हर्स इंग्लंडचा विजेता झाला. वॉकर २००० सालीं वारला. आणि २०१० च्या नोव्हेंबरांत आपल्या पुण्याच्या व्यंकटेश्वर हॅचरीज ह्या कोंबड्यांच्या व्यवसायांतील बड्या समूहानें सुमारें २ कोटी ३० लक्ष पौंडांस तो क्लब विकत घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं सुरू केलेल्या धंद्याचा हा केवढा पल्ला! मराठी मुलखांतून गेलेला पैसा विलायतेंतील कोष्ट्यांच्या गांवीं पोंचला, ह्याचा आमच्याहि मनास त्या वेळीं थोडा अभिमान वाटला होता, हें कबूल करतों.

तो अभिमान फार दिवस टिकला नाहीं. महिन्याभरांतच सॅम अलरडाइस ह्या मुरलेल्या व्यवस्थापकास नव्या धन्यांनीं काढून टाकिलें आणि स्टीव्ह कीन यांस नेमिलें. २०१२ च्या मे महिन्यांत विगनविरुद्ध घरच्याच मैदानावर हार पत्करून क्लब पहिल्या श्रेणींतून खालीं आला. त्या सामन्याच्या वेळीं संतापलेल्या प्रेक्षकांनीं क्लबाच्या निशाणांत गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडली! मुलांना ह्या कोंबडीचें फार कौतुक. आम्हांस मात्र तिची कींव येते. पुढें व्यवस्थापकामागून व्यवस्थापक आले व गेले. एकास तर दोन महिनेहि पुरते मिळाले नाहींत. २०१७ सालीं क्लब तिसऱ्या श्रेणींत पडला. टोनी मोब्रे यांच्या हाताखालीं २०१८ सालीं तो दुसऱ्या श्रेणींत परतला खरा, परंतु पहिल्या श्रेणींत त्यास २०१२ नंतर अद्यापि पाऊल ठेवतां आलेलें नाहीं.

आतां आमच्या वर्गांतील दोन पक्ष ऐका. एक पक्ष म्हणे, "धनी पळून तर गेले नाहींत? वर्षानुवर्षें तोटा भरून काढतात, क्लबाचें दिवाळें निघूं देत नाहींत, आणखी काय हवें?" दुसरा म्हणे, "पैसे दिले म्हणजे झालें काय? ज्यास खेळ कळतो त्यास पहिल्या महिन्यांतच घालविलें, आणि मैदानावर कधीं नीट तोंडहि दाखविलें नाहीं." दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाहीं. बँकेंत खातें असतें तसें क्लबाचेंहि प्रेक्षकांच्या मनांत एक खातें असतें. वॉकरचें त्या खात्यांत आधींच पुष्कळ जमा होतें, पुण्याच्या धन्यांना तें कोऱ्या पानावर उघडावें लागलें, आणि पहिलीच नोंद खर्चाची पडली. आम्ही तरी ह्या प्रकरणाचा अर्थ असा लावतों.

मुंबईचें उदाहरण उलट आहे, आणि दुसऱ्या पक्षाच्या मुलांना तें अडचणीचें पडतें. २०१४ सालीं स्थापन झालेला मुंबई सिटी हा क्लब पहिलीं वर्षें रखडतच होता. २०१९ च्या नोव्हेंबरांत मँचेस्टर सिटीच्या धन्यांच्या समूहानें त्याचा शेंकडा ६५ हिस्सा घेतला. सर्जिओ लोबेरा ह्या स्पॅनिश शिक्षकाच्या हातीं संघ आला, आणि २०२०-२१ च्या हंगामांत लीगची ढाल व चषक दोन्ही मुंबईनें एकदम पटकाविलीं. धनी परदेशचे, शिक्षक परदेशचा, तरी यश आलें. कारण त्यांस आपलें काम येत होतें. पण ऐका पुढें. २०२५ च्या डिसेंबरांत, भारतीय लीगच्या भवितव्याचा भरवसा न उरल्यामुळें, त्या समूहानें आपला हिस्सा सोडला. सहा वर्षांत वैभव आलें. नंतर तें आणणारे निघून गेले. पुण्याच्या क्लबाची तर ह्याहून वाईट गत झाली. २०१९ सालीं तो मोडला व त्याची जागा हैद्राबादेच्या नव्या क्लबानें घेतली; हैद्राबादनें २०२२ सालीं चषकहि जिंकिला; आणि २०२५ सालीं तोच क्लब नांव पालटून दिल्लीस गेला! बिऱ्हाड हलवावें तसे क्लब हलतात. मागें राहिलेल्या गांवांतील पोरांनीं जुने शर्ट घालून कोठें जावें?

येथवर जें लिहिलें तें वाचून कोणासहि लिहितां येईल. आमच्या पदरीं ह्या विषयावर बोलावयास ह्याहून निराळा अधिकार आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वी नागपुरास हिस्लॉप कॉलेजांतील शिक्षण आटोपून आम्ही गांवीं परतलों, तेव्हां येथें तरुणांचा एक फुटबॉल संघ होता. संघ कसला, अकरांत सात जणांच्या पायांत बूट असत, आणि बाकीचे चौघे त्यांची वाट पाहात. सामने आम्ही नेमानें हरत असूं. लिहितां-वाचतां येतें म्हणून चिटणीशी आमच्या गळ्यांत पडली. डाव्या बगलेवर आमचा एक बाळमित्र खेळे. पितळेचीं भांडीं घडविणाऱ्याचा तो मुलगा. दिवसभर ठोक्याचें काम करून सायंकाळीं मैदानावर आला म्हणजे चेंडू त्याच्या डाव्या पायास चिकटल्यासारखा चाले.

अशा वेळीं एका कंत्राटदार गृहस्थांनीं संघ चालविण्याची तयारी दाखविली. बूट, गणवेश, लोखंडी गोलपोस्ट, प्रवासखर्च, सर्व कांहीं ते देणार. अट एवढीच कीं खेळाडू तेच निवडणार. आम्हीं आनंदानें सही केली. महिन्याभरांत बाहेरगांवचे सहा खेळाडू रोजीवर आले. आपल्या झाडीपट्टींत पूर्वी गांवोगांव गांवकरीच नाटकांत उभे राहात, आतां वडशाहून कंपनी बोलावतात. नाटक झकास होतें, पण पाटलाच्या पोराला राजा झालेला पाहण्याची मौज जाते. तसेंच झालें. आम्ही सामने जिंकूं लागलों, आणि आमचीं मुलें बाहेर बसून टाळ्या वाजवूं लागलीं.

एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या सायंकाळीं मित्रानें विचारलें, "उद्यां मला उतरविणार ना?" आम्ही म्हटलें, "नक्की." आम्हांस ठाऊक होतें कीं यादी आमच्या हातांत नाहीं, तरीहि म्हटलें. दुसऱ्या दिवशीं त्याची आई, जन्मांत प्रथमच, सामना पाहावयास आली. पदर सांवरून ती लिंबाखालीं शेवटपर्यंत बसली. तो उतरला नाहीं. आम्हीं कप जिंकिला, छायाचित्र काढिलें. त्या छायाचित्रांत आम्ही कंत्राटदारांच्या उजव्या हातास उभे आहों. मित्र पुन्हा मैदानावर आला नाहीं, व वर्षभरांत कामासाठीं गांव सोडून गेला. तिसऱ्या वर्षीं त्या गृहस्थांचीं कामें बंद पडलीं, त्यांनीं संघाचा नाद सोडला, आणि गोलपोस्ट त्यांच्या पैशाचे म्हणून त्यांचीं माणसें ते उपटून घेऊन गेलीं. दोहों अंगांस दोन-दोन खड्डे राहिले. पावसाळ्यांत त्यांत बेडूक ओरडत.

तेव्हांपासून बांबूच्या गोलांत मुलें खेळत आलीं आहेत. यंदा दिवाळीनंतर धानाच्या गिरणीचे एक मालक भेटले, आणि संघ पुन्हा उभा करण्याची इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. गृहस्थ भले आहेत. त्यांच्या मनांत कांहीं काळेंबेरें आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. पण कंत्राटदारांच्याहि मनांत तें नव्हतें. मुख्याध्यापकांच्या परवानगीनें शाळेच्या पडवींत बैठक भरली. नववींतील आमचे वादपटू दाराशीं उभे होते. तरुण मंडळी एकमुखानें "घ्या" म्हणत होती. त्यांचें तरी काय चुकलें? बांबूचा गोल त्यांच्या वांट्यास आला होता, छायाचित्र आमच्या.

इतक्यांत मागच्या बाजूनें एक आवाज आला, "मास्तर, मालक येतो तर येऊ द्या. पन तो गेल्यावर गोलपोस्ट कोनाचे रायतील?"

आम्ही मान वर करून पाहिलें. केंस पिकलेले, अंगानें वाळलेला, तो आमचा मित्रच होता! गांवीं परत येऊन त्यास दोन वर्षें झालीं होतीं, एस्. टी. स्टँडाजवळ त्याची चहाची टपरी आहे, आणि ती चुकवावी म्हणून आम्ही दोन वर्षें पलीकडच्या रस्त्यानें शाळेंत येत होतों. कधीं एकेरींत हांक मारणाऱ्यानें आज "मास्तर" म्हटलें, तें आम्हांस फार लागलें. आम्ही उभे राहिलों, आणि त्या अंतिम सामन्याच्या आदल्या सायंकाळची हकीकत सर्वांदेखत सांगितली. यादी आमच्या हातांत नसतां आम्ही शब्द दिला होता, हेंहि सांगितलें. पडवींत कोणी बोललें नाहीं. तो म्हणाला, "आई गेली मागच्या साली. तिले त्या दिवशीचा कप तेवढा ध्यानात होता. म्हने, तुमीच जिंकले ना?"

त्यानंतर अटी ठरावयास फार वेळ लागला नाहीं. गोलपोस्ट व जाळ्या शाळेच्या नांवें राहतील. अकरांत निदान आठ खेळाडू ह्याच पंचक्रोशींतील असतील. खेळाडूंची निवड मैदानावर रोज येणारे तिघे करतील, आणि त्या तिघांत धनी असूं नयेत. शर्टावर गिरणीचें नांव हवें तेवढ्या मोठ्या अक्षरांत घालावें, त्यास कोणाची हरकत नाहीं. हा कागद आम्हींच लिहिला, व ह्या वेळीं सही करण्यापूर्वी दोनदां वाचला.

मालकांनीं कागद ठेवून घेतला आहे, विचार करून सांगतों म्हणाले. हा लेख छापखान्याकडे जाईपर्यंत त्यांचें उत्तर आलेलें नाहीं. तरुण मंडळी आमच्यावर थोडी रागावली आहे, आणि उत्तर नकाराचें आलें तर तो राग वाढेल. दरम्यान मित्र सायंकाळीं पांचाच्या सुमारास टपरी मुलाच्या हवालीं करून मैदानावर येतो, व पांचवी-सहावीच्या पोरांना डाव्या पायानें चेंडू कसा उचलावा तें दाखवितो. परवां आम्ही कडेला उभे असतां चेंडू आमच्याकडे आला. "मास्तर, मार ना रे इकडे!" तो ओरडला. आमचा फटका वांकडा गेला, आणि चेंडू कापणी झालेल्या बांधींत जाऊन पडला. नववीचा तो वादपटू तो आणावयास धांवला.