गस्तीच्या गाडीतली रायफल

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, नाशिक

सकाळी चहा घेताना फोन आला. पोलीस अकादमीत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक. "सर, गस्तीच्या गाडीत कोणती रायफल असावी, यावर मला टिपण करायला सांगितलंय. तुमचं मत हवंय."

२ ऑगस्ट २०२७ ला कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान. म्हणजे हातात पावणेदोन वर्षं. असे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत, तिने विचारला याचा आनंद झाला.

तरी मी लगेच उत्तर दिलं नाही. आयुष्यभर हत्यारं शिकवलेल्या माणसाला आपल्या हाताला सवय झालेलं हत्यारच सर्वांत चांगलं वाटतं. तिला म्हटलं, मला महिनाभर दे. फोन ठेवल्यावर वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली: सुटलेली गोळी कुठे थांबणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या खात्यातली हत्यारं मुळात पोलिसांसाठी कुणी निवडलीच नव्हती. लष्कराने वापरून बाजूला ठेवलेली, ती आमच्याकडे आली. थ्री नॉट थ्री रायफल इंग्रजांच्या पलटणींची. नंतर एसएलआर ही रायफल आली, तीही पायदळाची. फक्त पोलिसांसाठी म्हणून केलेलं एक जुनं हत्यार मला आठवतं, ते म्हणजे चारशे दहाचं मस्केट. थ्री नॉट थ्रीचीच रायफल, पण नळीत पीळदार खाचा नाहीत, आणि एका वेळी एकच राऊंड. मारा लांब जाऊ नये, चुकीच्या हातात पडलं तरी फार उपयोग होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. राज्यकर्त्याचा आपल्याच शिपायावर विश्वास नव्हता, आणि तो अविश्वास नळीत उतरला होता.

थ्री नॉट थ्रीला मी वाईट म्हणणार नाही. सुमारे चार किलोची, एक मीटरहून थोडी लांब, दहा राऊंडची मॅगझिन. नेम इतका पक्का की तीनशे मीटरवरचं टार्गेट शिकाऊ पोरंही फोडायची. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. समोरच्याच्या हातात तीस राऊंडची एके रायफल असेल तर एवढा वेळ कुणी देत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभाने निरोप दिला. स्वातंत्र्यानंतर ७२ वर्षांनी.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

संध्याकाळी गोदाघाटावर गेलो. दिवे सोडायला बायकापोरांची ही गर्दी. मी मात्र आज वेगळ्या डोळ्यांनी पाहत होतो. रामकुंडावरून सरदार चौकाकडे चढत गेलो. पन्नास-साठ पावलांत गल्ली वळते आणि नजर अडते. दोन्ही बाजूंना दुकानं, वर जुन्या वाड्यांच्या लाकडी खिडक्या, कुठे पत्रा, कुठे मातीची भिंत. प्रत्येक भिंतीमागे माणसं.

२७ ऑगस्ट २००३ ला याच भागात, शाहीस्नानाच्या दिवशी, चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्या दिवशी एकही गोळी सुटली नव्हती. नुसत्या रेटारेटीने एवढं झालं. मग या गल्लीत रायफलचा आवाज झाला तर काय होईल, याचा विचार करूनच हत्यार ठरवायला हवं. हत्यार बाळगणाऱ्याला गोळी न झाडण्याचं शिक्षण आधी लागतं.

एसएलआरच्या ७.६२ मिलिमीटर गोळीचं वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर. मैदानात हे गुण आहेत. इथे ती गोळी ज्याला लागायची त्याच्यातून, मागच्या पत्र्यातून आणि त्याच्याही मागून जाईल. या गल्लीसाठी एसएलआर नको, हे मी घाटाच्या पायरीवर बसूनच ठरवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

भुसावळहून दाजी आले. वरणगावच्या आयुध निर्माणीत त्यांची सगळी नोकरी गेली. लहान हत्यारांची काडतुसं बनवण्याचा तो कारखाना, आपल्या खानदेशातच. जेवणानंतर विषय काढला. दाजी म्हणाले, "तुम्ही लोक बंदुकीचं नाव घेऊन भांडता. बंदूक वीस वर्षं टिकते, राऊंड रोज संपतो. आधी राऊंड कुठून येणार ते ठरवा, मग बंदूक घ्या."

किती साधं आणि किती खरं. परदेशातून दिमाखाने आणलेली रायफल राऊंड नाही म्हणून कपाटात राहते, हे मी पाहिलंय. इन्सास या देशी रायफलचा ५.५६ मिलिमीटरचा राऊंड आपल्याकडे बनतो, मुबलक बनतो. हा मुद्दा टिपणात सर्वांत वर घालायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

दाजी आहेत तोवर माळ्यावरची पेटी काढली. सुताराकडून कातून घेतलेले काडतुसांचे लाकडी नमुने आहेत त्यात, वर्गात दाखवायला केले होते. नातू जवळ येऊन बसला. त्याला दोन नमुने दिले. "आबा, हे दोन्ही सात बासष्ट कसे? एक मोठं आहे, एक छोटं."

नेमकं तेच. एसएलआरच्या राऊंडची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, एकेची ३९. दोन्हींना आपण 'सात बासष्ट' म्हणतो आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आता ५.५६ मध्येही तसंच झालंय. इन्सासची पुंगळी ४५ मिलिमीटरची. पुण्याला पाषाणच्या संशोधन संस्थेत आखलेली आणि कानपूरला बनणारी छोटी कार्बाईन आहे, जेव्हीपीसी, तिची ३० ची. आकडा तोच, राऊंड वेगळा. एकाच ठाण्यात दोन्ही ठेवली आणि रात्री अडीच वाजता घाईत कुणी चुकीचं खोकं गाडीत टाकलं तर? म्हणून टिपणात नुसतं '५.५६' लिहून भागणार नाही. पुंगळीची लांबी लिहायची.

ती कार्बाईन मात्र मला आवडते. तीन किलोची, आटोपशीर. शंभर-दीडशे मीटरच्या आतलं काम असलेल्यांना, संरक्षण पथकाला, ती शोभून दिसेल. पण गस्तीच्या गाडीला कधी अरुंद गल्ली लागते, कधी मुंबई-आग्रा महामार्गावरची मोकळी रात्र. दोन्हीकडे चालेल असा राऊंड हवा, आणि तो ४५ चाच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गस्तीच्या शिपायाला मुळात रायफल कशाला, असं शेजारचे निवृत्त मास्तर आज विचारत होते. प्रश्न रास्त आहे. काठी, शिट्टी आणि ओळख यांवर चालणारी गस्त हीच चांगली गस्त. रायफल गाडीत कुलपात असावी, खांद्यावर मिरवायला नको. पण ती असावी का, तर असावी.

त्यांना लॉस एंजेलिसची हकिकत सांगितली. २८ फेब्रुवारी १९९७. नॉर्थ हॉलिवूड भागात बँक लुटून बाहेर आलेले दोघे, अंगावर गोळी अडवणारं चिलखत, हातात एके जातीच्या रायफली. गस्तीच्या पोलिसांकडे पिस्तुलं आणि छर्ऱ्याच्या बंदुका. ९ मिलिमीटरच्या गोळ्या चिलखतावर आदळून थांबत होत्या. शेवटी पोलीस जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून घेऊन आले. पाऊण तास ते चाललं. त्यानंतर तिथल्या गस्तीच्या गाड्यांत रायफल दिसू लागली. आमच्या जुन्या ९ मिलिमीटर कार्बाईनबद्दल कुणी आग्रह धरला तर त्याला मी हेच सांगेन. पिस्तुलाचाच राऊंड तो, नळी लांब केली म्हणून रायफलचा होत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज लिहितोय ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात मी होतो. गाडीतून उतरताना एका शिपायाच्या रायफलची मॅगझिन निसटून रस्त्यावर पडली. नीट बसवलेलीच नव्हती. राऊंड डांबरावर विखुरले, पोरं उचलायला धावली. आम्ही गुडघ्यांवर बसून मोजले, एक कमी भरत होता. गटाराच्या जाळीजवळ सापडला तेव्हा माझे हात थरथरत होते. शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, मॅगझिन लावल्यावर खाली ओढून बघायचं शिकवलं नव्हतं का? मान खाली घालून म्हणाला, "उस्ताद, हे हत्यार ट्रेनिंगनंतर आजच हातात आलं."

दोष त्याचा नव्हता. वर्षातून एकदा गोळीबार मैदानावर नेऊन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राऊंड दिले, की नोंदवहीत सराव झाला. शरीराला त्यातलं काही आठवत नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही सरावाच्या दारूगोळ्याच्या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं.

म्हणून हलका राऊंड मला आणखी एका कारणाने हवा. ५.५६ ची गोळी जेमतेम चार ग्रॅमची, धक्का कमी. एसएलआरचा धक्का खाऊन पहिल्याच राऊंडनंतर डोळे मिटणारी उंचपुरी माणसं पाहिली आहेत मी. आता ठाण्यात गाड्यांवर मुलीही असतात. दस्ता खांद्याच्या मापाने पुढेमागे सरकणारा हवा. तिच्या हाताला न बसणारी रायफल ही तिच्यासाठी रायफल नव्हेच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेच जाग आली. आजच्या दिवशी येतेच. मुंबईवरच्या हल्ल्याला सतरा वर्षं झाली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेऊन एकेच्या माऱ्यासमोर गोळ्या झाडल्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्या छातीला माझा रोज नमस्कार. पण पुढच्या शिपायावर नळी हाताने धरायची वेळ येऊ नये, हे पाहणं आपलं काम आहे.

दुपारी तिला फोन करून टिपण सांगितलं, तिने उतरून घेतलं.

राऊंड ५.५६ बाय ४५, देशात बनणारा. जड ७.६२ पेक्षा अडथळ्यावर तो लवकर डळमळतो, वेग गमावतो. तरी जवळून तोही माणसातून आरपार जाऊ शकतो, हे प्रत्येकाला बजावून सांगावं. रायफल आखूड, पण नळी साधारण चाळीस सेंटिमीटरपेक्षा तोकडी नको, वेग पडतो. जुनी इन्सास एक मीटरला थोडीच कमी भरते, गाडीच्या दारातून झटकन निघत नाही. तीस राऊंडची मॅगझिन, सरकता दस्ता, टॉर्च, लाल ठिपक्याची साईट, दोन ठिकाणी अडकणारा पट्टा. एका ठाण्यात एकाच जातीचा राऊंड. एके मजबूत आहे, चिखलात चालते, हे मान्य. ती गडचिरोलीच्या जंगलात नक्षलविरोधी सी-६० पथकाकडे राहू दे.

ती म्हणाली, "सर, शेवटी काय लिहू?"

म्हटलं, हे लिही: दर माणसामागे महिन्याला तीस राऊंड, मैदानावर, अधिकाऱ्यासमोर, वर्षभर. ज्याने हे पूर्ण केलं नाही त्याच्या हातात गाडीच्या पेटीची किल्ली देऊ नये. आणि एवढ्या राऊंडचे पैसे नसतील तर रायफली निम्म्याच घ्याव्यात.